एक टाळी, दोन पाखरं

आमच्या शेजारच्या टाळीमास्तरांच्या लग्नाचा फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. कधी गेलात तर जरूर बघा, आणि हसू आलं तर माझं नाव सांगू नका. फोटोत नवरी आहे, तिच्या हातातला गुच्छ आहे, मागचा पडदा आहे, पडद्यावर रंगवलेला धबधबासुद्धा आहे. नवरदेवाच्या जागी मात्र एक करडा धूर आहे आणि त्या धुराला खाली बूट आहेत. फोटोवाल्यानं "हलू नका, हलू नका" म्हणून घसा कोरडा केला. पण मास्तरांना हलू नका म्हणणं म्हणजे नळाला गळू नकोस म्हणण्यासारखं. वहिनी अजून म्हणतात, "भावजी, मी धुराशी लग्न केलं. आग कुठं होती ते आजवर सापडलं नाही."

माणूस बसतच नाही हो. जेवतो तो ताट हातात घेऊन, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. न्हावी वस्तरा घेऊन त्याच्या मागं दुकानभर फिरतो आणि दर वेळी शपथ घेतो की पुढच्या खेपेला दार बंद ठेवीन. सिनेमाला गेले तर मास्तरांच्या तिकिटावर वहिनींची पर्स बसते आणि मास्तर मागच्या अंधारात डोअरकीपरच्या जोडीला येरझाऱ्या घालतात. बरं, स्वतः बसत नाही ते नाहीच, वर दुसऱ्यालाही धड बसू देत नाही. पाहुणा खुर्चीला टेकला रे टेकला की ह्यांचे हात शिवशिवायला लागतात. आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच. पलीकडून चपलांची चट् चट् सतत चालू. मला तिची इतकी सवय झाली आहे की ती थांबली तर मला जाग येते.

आता अशा माणसाला नोकरी कसली मिळावी? देव कधीकधी थट्टा करतो आणि कधीकधी नेमकी सोय करतो, आणि दोन्ही एकाच वेळी करतो तेव्हा टाळीमास्तर तयार होतात. गावाबाहेरच्या विमानतळावर पाखरं हुसकावायचं काम! कागदोपत्री त्या पदाचं नाव हातभर लांब आहे, पण काम एका ओळीचं. धावपट्टीच्या आसपास एकही पाखरू बसू द्यायचं नाही. विमान सुटताना पाखरू आडवं आलं आणि इंजिनात खेचलं गेलं, तर पाखराचं जे व्हायचं ते होतंच, पण विमानाचंही काही खरं नसतं. त्यासाठी मास्तरांच्या हातात बिजागरीनं जोडलेल्या दोन लाकडी फळ्या असतात. त्या एकमेकींवर आपटल्या की असा आवाज निघतो की लांब उभ्या माणसाचेही खांदे उडतात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत मास्तर गवत तुडवत हिंडणार आणि फाडकन टाळी वाजवणार. म्हणून टाळीमास्तर. माझ्या निरोपसमारंभाला भाषण संपल्यावर सभागृहानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर एकटे छताकडे बघत होते, काय उडालं म्हणून.

अशा सुखात असलेल्या माणसावर संकट आलं, ते खुर्चीचं.

झालं असं. त्या मोसमात एक पाखरू धावपट्टीच्या टोकाला ठाण मांडून बसलं. मूठभर आकाराचं, मातकट, अंगावर काळपट रेघा. तशी पाखरं त्या गवतात पुष्कळ. मास्तर त्या सगळ्यांना सरसकट "मातकट्या" म्हणत. एक टाळी वाजवली की मातकट्या कुंपणापार. पण हा एक मातकट्या टाळी ऐकली की पळायचा नाही, सरळ वर जायचा. वर म्हणजे किती वर, तर मान मोडेपर्यंत. तिथं एका जागी पंख फडफडवत लटकायचा आणि गायला लागायचा. गाणं म्हणजे काय, श्वास घ्यायलाही न थांबता गळा मोकळा. आणि लटकायचा कुठं, तर विमान जिथून वर चढतं नेमकं तिथं.

विमानतळाच्या मनोऱ्यात दुर्बीण घेऊन एक बाई असतात. मास्तरांचं आणि त्यांचं बोलणं वॉकीटॉकीवर चालतं. बाई जिभेनं तिखट.

"मास्तर, तुमचा गवई परत वर गेलाय."

"हाकलतोय, बाई, हाकलतोय."

"तुम्ही हाकलताय म्हणूनच जातोय की काय तो? विमान खोळंबलंय. आतले लोक घड्याळ बघतायत."

"एक टाळी अजून."

फाड! आणि गवई आणखी दोन पुरुष उंच.

असं विमान खोळंबलं एकदा, खोळंबलं दोनदा, आणि मग वैमानिकानं तक्रार केली. विमानतळाच्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं. साहेब तसे सज्जन माणूस, म्हणून त्यांनी ओरडण्याऐवजी दया दाखवली. दया फार वाईट.

"मास्तर, उन्हातान्हात किती वर्षं पळालात! आता जरा आराम करा. सामानाच्या खोलीत जागा रिकामी आहे. थंड हवा, गादीची फिरती खुर्ची. समोर कॅमेऱ्यांचे पडदे असतात, ते बघत बसायचं."

"बसायचं?"

"बसायचं."

"दिवसभर?"

"अहो, म्हणून तर खुर्ची फिरती आहे."

मास्तरांचा चेहरा बघून साहेब थोडे नरमले. "बरं, पुढच्या सोमवारी मी स्वतः जीप घेऊन पट्टीच्या टोकाला येतो. सकाळचं विमान त्या पाखरामुळे अडलं नाही, तर तुम्ही आहात तिथंच राहा. अडलं, तर मंगळवारपासून खुर्ची."

दुसरा कुणी असता तर उड्या मारत घरी आला असता. आमच्या वहिनींनी तर ऐकल्या ऐकल्या हातातला पोळपाट खाली ठेवला.

"गादीची? फिरती? अहो, मग चेहरा का असा पाडलाय? तुमच्या गुडघ्यांना मी रात्री तेल चोळते, साहेबांनी चोळायचं का? घ्या मुकाट्यानं ती खुर्ची."

"अगं, मी मरीन त्या खुर्चीत."

"बसून कुणी मेलं नाही अजून. मी कधीची बसायला तडफडतेय, मला कुणी खुर्ची देत नाही."

"मग तू जा त्या खोलीत."

"मी जाईन, पण तुम्ही मग पोळ्या उभ्यानं लाटाल ना?"

हे मी भिंतीला कान लावून ऐकलं असं कुणी म्हणेल. कान लावायची गरजच पडत नाही, भिंत तशी पातळ आहे.

तो आठवडा आमच्या सगळ्या गल्लीला जड गेला. मास्तर पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे आणि आल्यावर घरातच पट्टी तुडवायचे. चट् चट् चट् चट्. त्यांनी फळ्यांना पत्रा ठोकला. आवाज दुप्पट झाला, तसा गवईही दुप्पट वर गेला. शिट्टी आणली, तर तो जास्तच रंगात आला. जुना रेडिओ खरखरवला, फडकं लावलेली काठी नाचवली, एकदा तर स्वतःच दोन्ही हात पसरून गवतातून धावत सुटले. मनोऱ्यातल्या बाईंनी वॉकीटॉकीवर विचारलं, "मास्तर, तुम्हाला पण सुटायची परवानगी हवीय का?" रात्री झोपेत मास्तरांनी टाळी वाजवली आणि वहिनी पलंगावरून खाली. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्या खुर्चीचं काय ते एकदा होऊन जाऊ दे. नाहीतर मला विमानतळावर झोपायला पाठवा, तिथं तेवढी शांतता असेल."

रविवारी त्यांच्याकडे दोन्ही जावई जेवायला आले.

ह्या जावयांबद्दल थोडं सांगायला हवं, आणि सांगताना मला किती आनंद होतो ते लपवत नाही. मास्तरांना दोन मुली. दोघींनी आपापलं ठरवलं, एकमेकींना न विचारता, आणि नवरे आणले ते एकाच छापातून काढल्यासारखे. दोघंही मध्यम उंचीचे, टकले, गोल चष्म्याचे, तपकिरी स्वेटरातले. लग्नात आमच्या बायकोनं एकाला द्यायचा निरोप दुसऱ्याला दोनदा दिला आणि दोघांनीही "बरं" म्हटलं. मास्तर तर अजून नावानं हाक मारत नाहीत, "जावई" म्हणतात. जो वळेल तो वळेल.

पण घराणी वेगळी. थोरल्याचं घराणं अबोल माणसांचं. तो येतो, पाय हलवत बसतो, थोडं जेवतो आणि घरात कुणाची भुवई जरी वर गेली, तरी "निघतो हं" म्हणून दोन उड्यांत गल्लीच्या टोकाला. धाकट्याचं घराणं वक्त्यांचं. आजोबा बोलायचे, बाप बोलायचा, हा बोलतो. ऑफिसातल्या लिफ्टची गोष्ट सांगायला लागला की लिफ्ट तळमजल्यावरून निघते ती ढगात जाते.

त्या रविवारी मास्तरांना दोघंही नको होते. दुसऱ्या दिवशी साहेब येणार, डोकं ठिकाणावर नाही. जेवणं आटोपली तशी मास्तरांनी खोलीच्या मधोमध उभं राहून सवयीनं टाळी वाजवली. "चला! उशीर झाला सगळ्यांना!"

थोरल्यानं बूट घातले, बायकोला खुणावलं आणि नाहीसा झाला. धाकटा हसला.

"बाबा, बसा हो! उशीर कसला? मुख्य गोष्ट तर राहिलीच. तर लिफ्ट मधेच थांबली—"

"जावई, उद्या मला लवकर जायचंय."

"तेच सांगतोय! मलाही लवकर जायचं होतं, आणि लिफ्ट थांबली!" आता तो उभा राहिला. आवाज चढला. मास्तरांनी आणखी एक टाळी वाजवली, तसे त्याचे हात वर गेले आणि गोष्ट चौथ्या मजल्यावरून सातव्यावर.

शेवटी वहिनींनी मास्तरांना दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. भिंतीच्या नेमक्या ह्याच बाजूला आमची आरामखुर्ची असते, त्याला माझा इलाज नाही.

"काय चाललंय तुमचं? दोघांना एकच टाळी?"

"मग काय करू? थोरला गेला की नाही?"

"थोरला जातो. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी जातो. ह्याला हुसकावलं की चेव चढतो, एवढ्या वर्षांत कळलं नाही तुम्हाला? ह्याला काही करायचं नसतं. गप्प राहायचं. मनात आहे ते सगळं बोलून झालं की धपकन खाली बसतो, पाणी मागतो आणि मग तासभर चूं करत नाही. तेव्हा त्याला रिक्षात घातलं तरी कळत नाही."

"दिसतात तर सारखे."

"दिसतात सारखे! तुम्ही कधी धड बघितलंयत दोघांकडे? दाराकडे जाताना बघता फक्त. पाठी सगळ्यांच्या सारख्याच."

आणि मग भिंतीपलीकडे चपला थांबल्या.

मी आरामखुर्चीत ताठ बसलो. बायकोला म्हटलं, "अगं, बघ जाऊन, मास्तरांना काही झालं." तेवढ्यात पुन्हा चट् चट् सुरू झालं, पण वेगळं. हळू. एक पाऊल, मग विचार, मग दुसरं पाऊल.

सोमवारचं मला मास्तरांनी सांगितलं, मनोऱ्यातल्या बाईंनी सांगितलं आणि साहेबांच्या ड्रायव्हरनं पानाच्या टपरीवर सांगितलं. तिघांच्या हकिगती जुळतात. जिथं जुळत नाहीत तिथं मी मास्तरांची धरली आहे, कारण त्यात ते स्वतःच जास्त फजीत होतात.

पहाटे मास्तर पट्टीच्या टोकाला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा फळ्या बगलेत धरून नुसते उभे राहिले. हात फळ्यांकडे जात होते, ते मागं घेत होते. थोड्या वेळानं गवतातून एक मातकट्या बाहेर आला. अंगानं सडपातळ, लांब पायांवर ताठ, चोच सुईसारखी, आणि चार पावलं चालला की शेपटी खाली-वर, खाली-वर. नळाशी शेपटी नाचवत फिरणारा काळा-पांढरा धोबी पक्षी असतो ना, अगदी त्याचा भाऊ. मग ढेकळाआड दुसरा दिसला. हा दबून बसलेला, जाडसर, चोचही जाड, आणि डोक्यावर केसांची बट उभी राहावी तसा छोटासा तुरा. शेपटी स्वस्थ. दोघांचा रंग एक, रेघा एक, आणि बाकी काहीही एक नाही.

मास्तरांनी जवळ जाऊन पाऊल आपटलं. शेपटीवाला चिप् चिप् करत लाटेसारखा वर-खाली होत कुंपणापार गेला. तुरेवाला? सरळ वर! गायला लागला.

"आयुष्यभर मी पाखरं बघितली," मास्तर मला म्हणाले, "पण सगळी पाठमोरी." तिरचिमणी आणि चंडोल, अशी दोन वेगळ्या कुळांतली पाखरं एकाच गवतात राहतात आणि ह्यांनी दोघांना मिळून एकच नाव ठेवलेलं. एक हाकललं की जाणारं, दुसरं हाकललं की वर चढणारं. म्हणजे इतके दिवस त्या चंडोलाला विमानाच्या वाटेत नेऊन कोण टांगत होतं? टाळीमास्तर.

साहेबांची जीप आली. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला विमान वळून उभं राहिलं. चंडोल वर.

"मास्तर, वाजवा!" साहेब.

"थांबा जरा, साहेब."

"मास्तर," वॉकीटॉकीवर बाई, "गवई वर आहे. विमान तयार आहे."

"थांबा, बाई. गाणं व्हायचंय."

"काय व्हायचंय?"

मास्तर सांगतात की तेवढं लांब गाणं त्यांनी जन्मात ऐकलं नाही. धाकटा जावई त्यापुढं मुका. तळपायाला मुंग्या आल्या, मानेला घाम आला. साहेब घड्याळ बघत होते, ड्रायव्हर साहेबांकडे बघत होता. आणि मग एकदम वरचा आवाज तुटला आणि चंडोल दगड टाकल्यासारखा खाली आला. पट्टीच्या कडेलाच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एका ढेकळाजवळ बसला.

"उतरला. सोडा विमान," मास्तर म्हणाले.

साहेब जीपमध्येच उठून उभे राहिले. "सोडा काय? तो तिथं बसलाय! पट्टीला लागून! हाकला त्याला!"

"हाकलला की वर जाईल, साहेब."

"मास्तर, तुमचं काम काय आहे? एकही पाखरू बसलेलं दिसता कामा नये! वाजवा!"

आता बघा. समोर पाखरू बसलंय. हातात फळ्या आहेत. मागून साहेब ओरडतायत. आणि हा माणूस असा की पाहुणा खुर्चीला टेकलेला ज्याला सोसत नाही. मास्तर म्हणतात, हात आपोआप वर गेले होते. फळ्या उघडल्या होत्या. आणखी क्षणभर उभा असतो तर वाजवलीच असती. उभ्या माणसाचे हात उभ्या माणसाचं ऐकत नाहीत. म्हणून त्यांनी एकच गोष्ट केली, जी जमेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. फळ्या मिटून गवतात ठेवल्या, त्यांवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मास्तर, तुम्ही कुठं आहात?" बाईंचा आवाज. "दुर्बिणीत दिसत नाही."

छातीला अडकवलेल्या वॉकीटॉकीचं बटण त्यांनी हनुवटीनं दाबलं. "बसलोय."

पलीकडे खरखर.

"मास्तर... परत सांगा."

"बसलोय, बाई."

"बरं वाटतंय ना? डॉक्टर पाठवू का?"

"विमान पाठवा! आभाळ बघा, आहे का कुणी?"

बाईंनी आभाळ बघितलं. स्वच्छ. त्यांनी विमान सोडलं.

ते धडधडत आलं. जमीन हलली, गवत आडवं झालं. मास्तरांचं सगळं अंग उठू पाहत होतं. खांदे उडत होते, एक मुंगी पोटरीवरून निवांत वर चढत होती आणि तिलाही हाकलता येत नव्हतं. साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली, असं ड्रायव्हर म्हणतो. चंडोल ढेकळाला बिलगून सपाट झाला. विमान मास्तरांच्या डोक्यावरून उचललं गेलं, चढलं, लहान झालं. वाटेत काही नव्हतं.

आवाज विरला तसा चंडोल उठला, अंग झाडलं आणि आपण होऊन वर गेला. पुन्हा गाणं. मास्तर बसूनच राहिले. मला सांगताना म्हणाले, ऐकत होतो. बाई म्हणतात, त्यांना उठता येत नव्हतं, ड्रायव्हरनं काखेत हात घालून उठवलं. मी वर म्हटलं तसं, ह्या बाबतीत... छे, इथं मी बाईंची हकिगत धरतो.

साहेब जीपमधून उतरून जवळ आले. "बसायचंच होतं तर खुर्चीत काय वाईट होतं, मास्तर?"

"खुर्चीसमोर चंडोल नसतो, साहेब."

"आणि उद्या? परवा? रोज बसाल?"

"शेपटीवाल्यांना पळून हाकलीन. ह्याच्यापुरतं बसेन. खाली उतरला की बाईंना कळवीन. बसणं वाईटच आहे, पण तेवढं सोसेन."

साहेबांनी शब्द पाळला, मास्तर राहिले. मात्र साहेबांनी दयाही पाळली. चार दिवसांनी सामानाच्या खोलीतली ती गादीची फिरती खुर्ची ट्रॅक्टरमधून धावपट्टीच्या टोकाला आली. मास्तरांनी गवतात बसू नये, कमरेला थंडी लागते, असा हुकूम. वहिनी खूश. गल्लीत सगळ्यांना सांगत सुटल्या, "यांना साहेबांनी कामावर खुर्ची दिली." कामावर म्हणजे कुठं, ते सांगत नाहीत.

त्या खुर्चीवर मास्तर काही बसत नाहीत, ते आपले फळ्यांवर बसतात. तिच्या पाठीवर हल्ली एक तिरचिमणी येऊन बसते, वारा आला की खुर्ची फिरते, आणि ती शेपटी खाली-वर करत विमानतळ चारी बाजूंनी बघून घेते. मास्तरांनी टाळी वाजवली की जाते.

आणि धाकटा जावई? तो परवाच मला गल्लीत भेटला. भारावला होता. "काका," म्हणाला, "बाबा पार बदलले हो. परवा समोर बसून माझं सगळं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हात मांडीखाली घेऊन! मधे एक शब्द नाही." मी विचारलं, "मग?" तर म्हणाला, "मग काय, मला पाण्याची तहान लागली, आणि पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा रिक्षा आमच्या दारात उभी होती."